जमिनीखालचं टपाल : पाच किलोमीटर खोल गुहा

या महिन्यात दोन पत्रं उत्तरासाठी काढली. एक पोस्टकार्डाएवढं, दुसरं चार पानी. छोटं आधी उरकतो.

प्रश्न : ज्योतिबाजवळच्या पोहाळ्याच्या लेण्यांसारख्या गुहांमध्ये खोलवर तेल सापडू शकेल का? (एक विद्यार्थिनी, कसबा बावडा)

उत्तर : नाही. पोहाळ्याची लेणी माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरली आहेत, मसाई पठाराच्या पांडवदऱ्याचंही तेच. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. तो पावसाच्या पाण्यात विरघळून गुहा होत नाही. त्यासाठी चुनखडक लागतो, आणि तो बघायचा तर इथून बागलकोटच्या बाजूला जावं लागेल. आता चार पानी पत्र, थोडक्यात करून देतो.

प्रश्न : कागल तालुक्यात बावीस वर्षं बोअरची गाडी चालवतोय. परवा एका शेतात २१० फुटांवर हॅमर एकदम दीड-दोन फूट खाली सटकला, मग पुन्हा कडक दगड. शेतकरी म्हणाला पाणी लागलं. कुठलं पाणी! भाच्याला सांगितलं. तो तेलाच्या कंपनीत आहे. म्हणाला, मामा, आमच्यात असं झालं की माणसं खूश होतात, खाली करोडो वर्षांची गुहा असते आणि तिच्यात तेल. पाच-सहा किलोमीटर खोल म्हणे! एवढ्या ओझ्याखाली गुहा टिकते कशी? आणि कुणी डोळ्यांनी न बघितलेल्या गुहेचा कॉम्प्युटरवर नकाशा कसा काढतात? का भाचा फेकतोय? (एक बोअरवाले, कागल)

उत्तर : भाचा फेकत नाही, पण एक गोष्ट त्यानं गाळली. बिट, म्हणजे दगड फोडणारं टोक, सटकली की रिगवर (तेलाची विहीर खणायच्या यंत्रावर) आधी धावाधाव होते. तुमच्या भोकात हवा मारतात, तिथं भोक जड चिखलपाण्यानं भरलेलं असतं. त्याला मड म्हणतात आणि त्याच्या वजनानंच खालचा वायू दबून राहतो. गुहेला भोक पडलं की मड आत पळतं, पातळी उतरते, आणि वायू वर यायला बघतो. ते सगळं सावरलं की मग चहा, आणि चहानंतर खुशी.

खुशीला कारण आहे. मेक्सिकोत सेरो असुल इथली चार नंबरची विहीर १९१६ च्या फेब्रुवारीत चुनखडकातल्या अशाच पोकळ्यांत घुसली आणि दिवसाला अडीच लाख बॅरलहून जास्त तेल उसळलं. पश्चिम टेक्सासातलं येट्स फील्ड, म्हणजे तेलक्षेत्र, १९२६ सालचं. १९८५ पर्यंत तिथून शंभर कोटी बॅरल तेल निघालं. तिथल्या गुहांचा पसारा पुढं कळला तो बिट कुठं किती फूट सटकली याच्या जुन्या नोंदींवरून. म्हणजे तुमच्यासारख्यांच्या वहीवरून! तुम्ही वही ठेवता ना?

आता ओझं. पाच किलोमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोहून जास्त दगड बसलेला असतो. तरी काही दालनं टिकतात, कारण चुनखडक मजबूत असतो आणि आतला द्रवही दाबाखाली असल्यामुळे छताला थोडा आधार देतो. चीनच्या तारिम खोऱ्यातल्या ताहे फील्डवर एवढ्या खोलीला बिट काही मीटर खाली गेल्याच्या नोंदी आहेत. तिथला खडक ४४ ते ४८ कोटी वर्षांपूर्वीचा. पुढं कधीतरी तो उघड्यावर आला, पावसानं पोखरला आणि पुन्हा गाडला गेला. पण बहुतेक गुहा या प्रवासात पडतात. पडलेली गुहा म्हणजे वाया गेलेली गुहा, असं मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षांत वाटायचं.

ते कसं चूक, हे सगळ्यात चांगलं मी २०१९ च्या पुरानंतर प्रयाग चिखलीत बघितलं. माझ्या मामाचं मातीचं घर पाण्यात बसलं. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तर ढीग जवळजवळ माळ्यापर्यंत आलेला. मामी म्हणाली, "एवढी भिंत होती होय रे आपली?" भिंत तेवढीच होती. सुटी झालेली माती आणि दगड जास्त जागा खातात. ढीग वाढत गेला आणि शेवटी मागच्या खोलीच्या छताला जाऊन टेकला, म्हणून तेवढं छत वाचलं. तुळईच्या आडोशाला पोकळी राहिली होती, तिथं पितळी हंडा न चेपता सापडला.

गुहेचं असंच होतं. छत कोसळतं, ढिगारा वरपर्यंत भरतो आणि उरलेल्या छताला टेकू देतो. ढिगाऱ्यातल्या दगडांमधल्या फटीत तेल मावतं. आजूबाजूचा धड खडकही तडकतो, त्या भेगांतही मावतं. शेजारशेजारच्या दोन गुहा पडल्या तर त्यांचे तडकलेले भाग एकमेकांना मिळतात. टेक्सास विद्यापीठातले रॉबर्ट लाउक्स यांनी १९९९ साली हे टप्पे नीट मांडले. त्यांच्या चित्रांकडं बघितलं की कळतं, मूळ गुहेपेक्षा तिचा ढिगारा कितीतरी रुंद असू शकतो. म्हणून कॉम्प्युटरवर गुहा काढायचीच नसते. काढायचा असतो तो ढिगारा : कुठं मोठे धोंडे, कुठं नदीनं आणून टाकलेला गाळ, कुठं हंड्याएवढी मोकळी पोकळी. गाळानं ठासून भरलेली गुहा दिसायला कितीही मोठी असो, आमच्या दृष्टीनं भिंतच.

न बघता काढायचं कसं? जमिनीवरून धक्के देतात आणि परत येणारे पडसाद मोजतात. ताहेच्या पडद्यावर मोठी गुहा मण्यांच्या माळेसारखी दिसते, एकाखाली एक ठळक ठिपके. नवखा पोरगा म्हणतो, साहेब, तीन गुहा. गुहा बहुतेक वेळा एकच असते, बाकीचे मणी तिच्याच लाटांचे. शिवाय ती खऱ्या आकाराहून पुष्कळ फुगलेली दिसते. मग उलटं गणित करतात : अमुक आकाराची गुहा असती तर पडद्यावर काय दिसलं असतं? ते जुळेपर्यंत आकार कमी-जास्त करायचा.

छोट्या वाटा पडद्यावर दिसतच नाहीत. विहिरीतून दगडाचा नमुना काढावा तर जिथं पोकळी, नेमकी तिथंच नळी रिकामी वर येते. अशा वेळी आजच्या गुहा कामाला येतात. अराकूला सहलीला जाऊन बोरा गुहा बघून आलेले आपल्याकडं पुष्कळ आहेत. मेघालयातली क्रेम लियाट प्राह तर तीस किलोमीटरहून लांब मोजली गेली आहे. वाट किती रुंद, कुठं वळते, कुठं फुटते, हे अशा मोजणीतून कळतं. त्यात गाडल्या गेलेल्या जमिनीचे जुने डोंगर-दऱ्या मांडायचे, कारण पुष्कळ गुहा त्या वेळच्या भूजलाच्या पातळीला धरून मजल्यामजल्यानं तयार होतात. यातून एक नकाशा निघत नाही, शेकड्यांनी निघतात, आणि प्रत्येक शक्य कोटीतला. विहिरींच्या नोंदींशी जे जुळत नाहीत ते फेकून द्यायचे. पाणाड्याचा नारळ एकच जागा दाखवतो, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास नाही!

इथवरचं काम आवडीचं. खरी डोकेदुखी तेल वाहतं कसं याची. १८५६ साली दिजाँ शहरात आंरी दार्सी यांनी वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, त्यावर आमचा निम्मा धंदा चालतो. वाळूत तो चालतो, गुहेत नाही. गुहेत तेल झिरपत नाही, पाटातल्यासारखं पळतं. भेग दुप्पट रुंद झाली तर प्रवाह आठपट होतो. दगडात झिरपणं, भेगांत धावणं आणि पोकळीत मोकळं वाहणं, हे तिन्ही एकाच गणितात बसवावं लागतं. ब्रिंकमन नावाच्या डच शास्त्रज्ञाचं समीकरण तिथं उपयोगी पडतं, पण कॉम्प्युटर घामाघूम होतो.

हा घाम वाचवायला आम्ही एकदा शॉर्टकट मारला. कंपनीचं नाव राहू दे. पोकळ्या सगळ्या खडकात सारख्या पसरल्यात असं धरून सरासरी घेतली. मागच्या चार वर्षांचं उत्पादन मॉडेलशी तंतोतंत जुळलं. पेढे वाटले, माझ्याच हातानं. पाचव्या महिन्यात दोन विहिरींतून नुसतं पाणी यायला लागलं. खालचं पाणी सगळीकडून सारखं कशाला चढेल, त्याला सरळ जिना सापडला होता! सरासरीत तो जिना पुसून गेला होता.

आता ताहेसारख्या ठिकाणी उरलेल्या तेलासाठी गुहेत पाणी सोडतात, म्हणजे तेल वर तरंगतं. छतालगत, माळ्यावरच्या अडगळीसारखं जे अडकून राहतं, त्याच्यावर नायट्रोजन भरून त्याला खाली दाबतात. त्या माळ्याची उंची मॉडेलमध्ये चुकली की नायट्रोजन वाया.

राहिला तुमचा हॅमर. कागलला गुहा नसावी. आपल्याकडं लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा मऊ पट्टा असतो, त्यात किंवा सैल मांजऱ्यात, म्हणजे मऊ, सच्छिद्र दगडात, असं सटकायला होतं. त्या २१० फुटांवर हवेबरोबर पूड कसल्या रंगाची आली, लाल की करडी? आणि शेजारच्या शेतात तुम्हीच बोअर मारला असेल, तर तिथं तशीच पूड किती फुटांवर आली होती? दोन्ही कळवा. पुढच्या अंकात तुमच्या शेताचा नकाशा काढू.