स्प्लॅटरची तक्रार आलीय? माफी मागायच्या आधी रेकॉर्डिंग मागा

तुम्ही लिहिलंय की नाशिकहून १०० वॅटवर, ७.०९० मेगाहर्ट्झला (हॅमचा ४० मीटर बँड) एसएसबी, म्हणजे आवाजी प्रसारण करता. तीन किलोमीटरवरच्या एका जुन्या हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) स्प्लॅटरची, म्हणजे तुमच्या सिग्नलचा कचरा शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर सांडतो अशी तक्रार करत वॉटरफॉलचा (सिग्नल रंगांत दाखवणाऱ्या पडद्याचा) स्क्रीनशॉट निरीक्षण गटाकडे पाठवला, ‘सिग्नल १० किलोहर्ट्झ रुंद’ म्हणून गटाने सात दिवसांत खुलासा मागितला आणि आता तुम्ही माफीचा मेल लिहायला बसलाय. तो मेल पाठवू नका. नेमकी हीच चूक माझी झाली होती: माफी आधी, मोजमाप नंतर. सेट स्वच्छ निघाला, पण ‘संबंधिताने दोष मान्य केला’ ही ओळ फायलीत बसली ती बसलीच. मूळ रेकॉर्डिंग मागितलं तर ‘उपलब्ध नाही’. कोणाची समिती ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.

माइक गेन, एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट), कॉम्प्रेसर ही सेटवरची नेहमीची सेटिंग्ज बघितलीच असतील, त्यावर बोलत नाही.

तुमच्या प्रकरणातला खरा आकडा १० किलोहर्ट्झ नाही, तीन किलोमीटर आहे. १३.८ व्होल्टवर चालणारा चांगल्यातला चांगला सेट टू-टोन टेस्टला (एकाच वेळी दोन सूर देऊन केलेल्या चाचणीत) तिसऱ्या क्रमाचं इंटरमॉड्युलेशन, म्हणजे दोन सुरांच्या मिसळणीतून बाजूला उमटणारा कचरा, पीईपीच्या (शिखरावरच्या पॉवरच्या) ३० डेसिबल खाली ठेवतो, फार तर आणखी थोडं. शेजाऱ्याकडे तुम्ही एस ९ अधिक ६० (सिग्नल मीटरवर एस ९ च्याही ६० डेसिबल वर) येत असाल तर तुमचा निर्दोष स्प्लॅटरही त्याला एस ९ अधिक ३० ऐकू येणार. तोच सिग्नल सोलापूरला एस ९ अधिक १० असेल तर तिथे तो कचरा एस ५-६ वर, म्हणजे रात्रीच्या ४० मीटरच्या गोंगाटात गडप. म्हणून ‘माझ्याकडे किती जोरात येतो’ हा निकष होऊच शकत नाही. मूळ सिग्नलच्या किती डेसिबल खाली, हे विचारायचं. (त्यातही घोळ आहे. काही जण पीईपीपासून मोजतात, काही एका टोनपासून, आणि दोन्हींत ६ डेसिबलचा फरक पडतो. पीईपीच्या ३६ खाली म्हणजे टोनच्या ३० खाली. खुलाशात कोणतं ते लिहा.)

दुसरं, तो कचरा तुमचाच आहे का? तक्रारदाराने रिसीव्हरच्या तोंडाशी १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (येणारा सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) लावावा आणि बाजूच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकावं. कचरा १० डेसिबलने उतरला तर तो हवेतूनच येतोय, तुमचा आहे. एकदम ३०च्या आसपास कोसळला तर तो त्याच्या रिसीव्हरमध्ये तयार होतोय. डायरेक्ट सॅम्पलिंगवाल्या एसडीआरचा (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रिसीव्हरचा) एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप, ओव्हरलोड असेल तर कचरा गायबच होतो. कीवीएसडीआर या इंटरनेटवरून ऐकता येणाऱ्या रिसीव्हरवर त्या वेळी ‘ओव्ही’ दिवा लागतो, स्क्रीनशॉटमध्ये तो मुद्दाम शोधा. आणि नॉइज ब्लँकर (खरखर कापणारं बटण)! तो चालू असला की शेजारचा स्वच्छ सिग्नलही बॅंडभर फाटलेला वाटतो. ४० मीटरवर रात्री प्रीअँप (येणारा सिग्नल वाढवणारं बटण) लावून बसणारेही कमी नाहीत. निम्म्या तक्रारी या दोन बटणांवर मिटतील असं माझं मत आहे. मत आहे हं, मोजून काढलेला आकडा नाही.

वॉटरफॉलचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. रंगांची मर्यादा खाली ओढली की कोणताही सिग्नल भिंतीएवढा दिसतो.

मेल असा टाका: ‘आपला मेल मिळाला. सेटची तपासणी सुरू केली आहे. कृपया तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, रिसीव्हर व अँटेना, प्रीअँप, अ‍ॅटेन्युएटर आणि नॉइज ब्लँकरची स्थिती, तसेच मूळ आयक्यू रेकॉर्डिंग (रिसीव्हरने टिपलेला कच्चा सिग्नल) पाठवावे. ते मिळाल्यावर मोजमापासह खुलासा देईन.’ बस. ‘क्षमस्व’ नाही, ‘चुकून’ नाही.

आता स्वतःचं घर तपासा, कारण दोष तुमचाही असू शकतो. अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, ७०० आणि १९०० हर्ट्झचे टोन द्या. सेट बोलताना व्होल्टेज सेटच्या सॉकेटवर मोजा, पॉवर सप्लायवर नाही. घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिमी वायर तीन मीटर टाकलीत तर जाऊन-येऊन सहा मीटर होते, २० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट खाते. १३.८ चे १२.३ झाले की फायनल ट्रान्झिस्टर शिखरावर चपटे होतात आणि तुम्ही माइक गेनला दोष देत बसता. ६ चौरस मिमी घाला, घट ०.४ च्या आत येते. होमब्रू (घरी बनवलेला सेट) असेल तर बायस बघा. आयआरएफ ५१० या पॉवर ट्रान्झिस्टरला साधारण १०० मिलिअँपिअर आयडल करंट (सिग्नल नसतानाही वाहणारा) हवा. गरम होतो म्हणून लोक तो कमी करतात, आणि आवाज कमी असतानाही सिग्नल खरबरीत होतो.

नियमाचं म्हणाल तर (मी वकील नाही, आपल्या लायसन्सच्या अटी स्वतः वाचा) आपल्याकडे अमेरिकेचा २६ डेसिबलचा नियम तोंडावर फेकायची फॅशन आहे. ती त्यांची बँडविड्थची व्याख्या, त्यांच्या हॅम नियमांच्या भाग ९७ मधली. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) रेडिओ रेग्युलेशन्समध्ये ऑक्युपाइड बँडविड्थ म्हणजे दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा टक्का पॉवर सोडून उरलेला पट्टा. कोणती व्याख्या लावलीत हे आरोप करणाऱ्याने आधी सांगावं. आणि तीच फूटपट्टी किलोवॅटचा लिनियर (पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) लावून नेट, म्हणजे हॅमची ठरावीक वेळची सभा, चालवणाऱ्यांनाही लावावी. त्यांना फोनवर ‘जरा बघा हो’ आणि नवख्याला सात दिवसांचा मेल, हे पटत नाही. पहिली सूचना दोघांनाही तोंडीच द्यावी, दुरुस्तीला आठवडा द्यावा, आणि नंतर त्याच रिसीव्हरवर, त्याच अ‍ॅटेन्युएटरवर पुन्हा मोजावं.

एफटी८ (संगणकाने टोन पाठवायची डिजिटल पद्धत) करत असाल तर सॉफ्टवेअरमधलं स्प्लिट ‘रिग’ किंवा ‘फेक इट’ वर ठेवा. टोन १५०० ते २००० हर्ट्झमध्ये राहतो, त्याचे हार्मोनिक (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे सूर) फिल्टरच्या बाहेर पडतात. नाहीतर ७०० चा टोन १४०० आणि २१०० ला उमटतो, आणि तुमच्या नावावर आणखी एक स्क्रीनशॉट तयार.

तक्रारदाराचं रेकॉर्डिंग येईपर्यंत सोलापूर किंवा कोल्हापूरच्या कोणाला दुपारी पाच मिनिटं तुमचा सिग्नल रेकॉर्ड करायला सांगा, ब्लँकर बंद ठेवून. व्होल्टेज किती निघालं तेही इथे टाका.