बंदर प्राधिकरणाच्या बैठकीत सामान्य माणसाला बोलता येतं का?

थेट नाही. मुंबई किंवा जेएनपीए (न्हावा शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर) ही महाबंदरं, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली मोठी बंदरं, 2021 च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने चालतात. निर्णय मंडळ घेतं. त्यात अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण आणि कस्टम्सचे प्रतिनिधी, काही स्वतंत्र सदस्य आणि कामगारांचे दोघे असतात. मच्छीमारांसाठी वेगळी खुर्ची कायद्यात नाही, आणि माझ्या मते हीच खरी उणीव.

तुमचं म्हणणं नोंदवायची मोठी जागा म्हणजे पर्यावरणीय जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकण्याची जाहीर सभा. ती बंदर घेत नाही. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते, चित्रीकरण होतं, शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवतात. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची सुनावणी जानेवारी 2024 मध्ये पालघरला झाली. विरोध जोरदार होता, तरी जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराला मंजुरी दिली. म्हणजे सुनावणी हे मतदान नव्हे. पण लेखी हरकत द्याच आणि पोच घ्या. नुसतं भाषण हवेत विरतं, कागद पुढे हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) कामी येतो.

बंदराच्या मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त हवं असेल तर 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं.