मॅडम, माझं डोकंच चालंना झालंय

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की हे वाक्य शब्द बदलून माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येत राहतं. वाचलेलं राहत नाही, जिना चढताना धडधडतं, रात्री झोप नाही. निदानही मुलं स्वतःच करून आणतात : डिप्रेशन.

ऋतुजा (नाव बदललंय) परभणीकडची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बारावीला कॉलेजात पहिली, इथे एम-थ्री म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात नापास, त्याचा बॅक. घरी सांगितलेलं नाही.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलायचे. पूर्वी पहिल्याच भेटीत तिच्या विचारांना हात घातला असता. आता आधी विचारते : जेवतेस काय, झोपतेस कधी, पाळी कशी आहे? नाष्टा बुडतो, मेसचा डबा अर्धा परत जातो, चहा दिवसाला सहा वेळा, शेवटचा रात्री अकराला. पाळीत आठ-आठ दिवस अंगावरून जातं. डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, १२ तरी हवं.

लोह कमी पडून हिमोग्लोबिन उतरलं की शरीराला प्राणवायू पुरवायला हृदय जोरात पळतं. मन त्या धडधडीचा अर्थ ‘भीती’ असा लावतं, आणि भ्यालं की धडधड आणखी वाढते. मुलगी दोन्हींच्या मध्ये सापडते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जेवणाबरोबरचा चहा बंद करायला सांगितलं; चहाने लोह नीट शोषलं जात नाही.

पाच आठवड्यांनी दम लागणं कमी झालं. पण भीती तिथेच.

“पप्पांना बॅकचं कळलं तर संपलंच. कर्ज काढलंय त्यांनी. मी नालायक निघाले.”

समजूत घालून काही होणार नव्हतं. मी विषयच बदलला. “यंदा सोयाबीन कसं आहे?”

“पाऊस दडला ना. दुबार पेरणी करावी लागली.”

“म्हणजे पप्पा नालायक शेतकरी?”

ती तटकन म्हणाली, “असं कसं? पाऊस काय त्यांच्या हातात होता?”

“आणि रक्त तुझ्या हातात होतं?”

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत बसली. मग हळूच, “पण डबा परत करणं तर माझ्याच हातात होतं की.”

हे मी तिच्या तोंडी घातलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या खोलीत ऐकलेल्या चांगल्या वाक्यांपैकी हे एक. ‘मी नालायक’ यातून उठून पोरगी ‘माझं काय चुकलं’ यावर आली होती. चूक दुरुस्त करता येते, नालायकपणाला दुरुस्ती कुठली!

मुलांनो, थकवा, धडधड, विसराळूपणा महिनाभर टिकला तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल तर. लोहाच्या गोळ्या मनानेच सुरू करू नका. रिपोर्ट चांगला आला म्हणून मन ठीक आहे असं नाही, आणि वाईट आला म्हणून मनाचं काम टळत नाही. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

ऋतुजाने बॅकचं घरी सांगितलं, तेही माझ्यासमोर नाही, मेसच्या रांगेत उभी राहून फोनवर. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मची फी पाठवली. परवाचं हिमोग्लोबिन १०.९ आहे.