स्नायूंतल्या प्रथिनाचा माशीच्या प्रेमाशी काय संबंध?

ठाण्याच्या कॉलेजात टीवायला झूऑलॉजी घेतलेल्या मित्राचा प्रश्न आहे की स्नायूंचं जनुक बिघडलं तर माशी उडणार नाही हे कळतं, पण जोडीदार का मिळू नये?

कारण नर गातो, आणि पंखाने गातो. वाशीच्या फळबाजारात पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी ती लालडोळी चिलटं, तोच ड्रोसोफिला. (हापूसमध्ये अळ्या करणारी फळमाशी वेगळी, गल्लत नको.) नर मादीमागे फिरतो, एक पंख पसरून थरथरवतो. मादीचे कान म्हणजे तिच्या शृंगिका, डोक्यावरच्या मिशा. गाण्यात एक सलग गुणगुण असते आणि तुटक ठोके. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण ३५ मिलिसेकंद. मादी हेच अंतर पारखते.

उडायला लागणारे छातीतले स्नायू गाण्यातही वापरले जातात. त्यात ‘फ्लायटिन’ नावाचं प्रथिन मायोसिनच्या (स्नायू आकुंचवणाऱ्या प्रथिनाच्या) जाड तंतूंची रांग नीट राखतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या प्रथिनाचं एक टोक कापलं. उड्डाणक्षमता ३३ टक्क्यांनी घटली, पण पंख फडफडण्याची वारंवारता तीच राहिली. गाणं मात्र बिघडलं: ठोके लांबले, मधली अंतरंही. टोक कापलेला आणि धडधाकट असे दोन्ही नर समोर ठेवले तेव्हा माद्यांनी ९२ टक्के वेळा धडधाकट प्रथिनवाल्याला निवडलं.

मला यातली खरी गंमत पुढे वाटते. कापलेलं टोक जातीजातींत बरंच वेगळं असतं. म्हणून संशोधकांनी असं सुचवलं की प्रत्येक जातीचं गाणं जुळवायचं काम तेच करत असावं.