काकापोला दर वर्षी अंडी का घालायला लावत नाहीत?

प्रश्न : न्यूझीलंडचा काकापो हा उडता न येणारा पोपट नामशेष व्हायच्या बेतात आहे. मादी दोन ते चार वर्षांतून एकदा अंडी घालते म्हणे. कोंबड्यांसारखं भरपूर खाऊ घालून तिच्याकडून दर वर्षी अंडी का घेत नाहीत?

उत्तर : करून पाहिलंय! आणि ते जसं उलटलं, ती काकापोची मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

माणसांनी आणलेल्या मांजरी, उंदीर आणि स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) यांनी या पक्ष्यांचा फडशा पाडला. उरलेले काकापो शिकारी नसलेल्या बेटांवर हलवले गेले. १९९५ साली जेमतेम ५१ शिल्लक होते. १९८९ पासून त्यांना वरखुराक देणं सुरू झालं होतं. माद्या छान गुटगुटीत झाल्या, पण अंडी काही लवकर येईनात. आली तेव्हा पिल्लांत नरांचाच भरणा! आधीच माद्या कमी, त्यात ही भर.

कारण असं. काकापोचे नर रात्री खळग्यांत बसून घुमतात आणि माद्या त्यांच्यातून निवड करतात. दणकट नराला अनेक माद्या मिळतात, किरकोळ नराला एकही नाही. म्हणजे आई धडधाकट असेल तर मुलगा होण्यात तिचा फायदा, अशक्त असेल तर मुलगी बरी. तिला जोडीदार मिळतोच. ट्रिव्हर्स आणि विलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली हा तर्क मांडला होता, तो इथे बेटावर उतरलेला दिसला. मग माद्यांचं वजन पाहून खुराक आवरता घेतला. २००२ च्या हंगामात २४ पिल्लं जगली, त्यांत १५ माद्या. कागदावरचा सिद्धांत इतका सरळ उपयोगी पडल्याची उदाहरणं मला फार आठवत नाहीत.

पण अंडी कधी घालायची हे ठरवतं रिमूचं झाड. ते काही वर्षांनीच भरघोस फळतं, आणि त्याच वर्षी माद्या नराकडे जातात. पिल्लांना आई रिमूचीच फळं भरवते. त्यांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर असतं. बाप ढुंकूनही पाहत नाही, तो भाग सोडून देऊ.

खरी डोकेदुखी पुढे आहे. जवळजवळ निम्म्या अंड्यांत पिल्लू धरतच नाही. आजचे बहुतेक सगळे काकापो न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या स्टुअर्ट बेटावरच्या मूठभर पक्ष्यांचे वंशज, म्हणजे एकमेकांच्या जवळच्या नात्यातले आहेत. न्यूझीलंडच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या फियोर्डलँडमधून आणलेला ‘रिचर्ड हेन्री’ हा एकच नर बाहेरच्या रक्ताचा; १९९८ साली त्याची तीन पिल्लं झाली. म्हणून कोणाची जोडी कोणाशी लागते यावर प्रत्येक पक्ष्याच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरने नजर ठेवतात.

२०१९ साली रिमू जोरात फळला आणि सत्तरहून जास्त पिल्लं वाढली, तोवरचा तो विक्रम होता. त्याच हंगामात बुरशीच्या संसर्गाने काही पक्षी दगावलेही. २०२२ साली संख्या २५२ वर पोचली. वरखुराक आजही देतात, पण मादीगणिक मोजून.