मूलांक 8 आणि नावातला जास्तीचा ए

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची मीच समोर आले. जन्म 17 तारखेचा, मूलांक (जन्मतारखेच्या अंकांची बेरीज) 8, नावात एक अक्षर वाढवून 'सगळीकडे बदलून घ्या' असं अंकतज्ज्ञांनी सांगितलंय, घरचे हसतायत. आणि तुमचा प्रश्न असा की स्वतःला समजून घेण्यापुरतं अंकशास्त्र वापरावं का. खुशाल वापरा. मीही वापरते. पण आधी त्या 'सगळीकडे'बद्दल बोलते. 

मी 26 तारखेची, म्हणजे मीही 8 वालीच. शनीचा अंक, सगळं उशिरा, कष्ट फार, कौतुक कमी, हे तुम्हालाही ऐकवलं असेलच. माझं नाव सुनीता. इंग्रजीत एस, यू, एन, आय, टी, ए. प्रत्येक अक्षराला एक अंक असतो, त्यांची बेरीज 20, म्हणून नामांक (नावाचा अंक) 2. माझे अंकतज्ज्ञ म्हणाले, '8 ला 2 साथ देत नाही. शेवटी अजून एक ए लावा, 21 होतील, 3 आला की गुरूचं बळ.' फी 2,100 रुपये. इथे थांबले असते, फक्त सही बदलून वर्षभर बघितलं असतं, तर 2,100 वरच भागलं असतं.

मी थेट राजपत्रात नाव बदललं. मग आधार. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, हे तेव्हा डोक्यात नव्हतं. एकदा लग्नानंतर बदललेलं, दुसरी संधी या ए वर घालवली. मग पॅन, मग बँक. दहावीचं मार्कलिस्ट अर्थातच एका ए चं राहिलं. आणि जुन्या नावावर एका कार्यालयात माझे थोडे पैसे होते (कुठलं ते सांगत नाही, तिथे अजून एक काम बाकी आहे). खिडकीवरच्या साहेबांनी आधार आणि जुना कागद शेजारी शेजारी धरले, पेनाच्या टोकाने एकेक अक्षर मोजलं आणि म्हणाले, "मॅडम, या दोन वेगळ्या बायका आहेत." राजपत्राचं प्रिंटआउट पुढे केलं तर म्हणे ओरिजिनल आणा. अहो, ते ऑनलाइनच निघतं, ओरिजिनल कुठून पैदा करू? चार महिने, सात खेपा, दोन प्रतिज्ञापत्रं. सातव्या खेपेला खिडकीवर दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी तेच प्रिंटआउट बघून पाच मिनिटांत शिक्का मारला. अजून आठवलं की डोकं फिरतं. मराठीत मी आधीही सुनीताच होते आणि आताही सुनीताच आहे.

खरी चपराक पुढेच बसली. कुठल्या अक्षराला कुठला अंक ते सांगणारे तक्ते वेगवेगळे आहेत. आमच्याकडे बहुतेक जण कीरोचा तक्ता वापरतात. हा कीरो मूळचा आयरिश भविष्यवेत्ता (1866 ते 1936), त्याच्या तक्त्यात अक्षरांना 1 ते 8 एवढेच अंक आहेत, 9 कुठल्याच अक्षराला नाही. दुसरा तक्ता पायथागोरसच्या नावाने चालतो, त्यात 1 ते 9 ओळीने. त्या तक्त्याने माझं जुनं नाव मांडून बघा: 1, 3, 5, 9, 2, 1. बेरीज 21, म्हणजे 3. गुरू आधीच घरात बसलेला होता! नवीन ए ने त्याचे 22 झाले, म्हणजे 4, राहू. पैसे देऊन राहू आणला म्हणायचा.

जाणकार म्हणतील, दोन पद्धती मिसळायच्या नसतात. असेल. मी तज्ज्ञ नाही, कुणाच्या श्रद्धेवर बोलायचं नाही. पण आमच्या वडिलांची जन्मतारीख 1 जून आहे, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली. त्यांच्या वर्गातले निम्मे 1 जूनचेच. सगळे मूलांक 1, सगळे सूर्याचे, आणि त्यातले दोन सख्खे भाऊ!

तेव्हा भविष्य म्हणून मी ते सोडलं. वही मात्र ठेवली. दर महिन्याच्या 8, 17 आणि 26 तारखेला, म्हणजे माझ्या अंकाच्या तीन दिवशी, रात्री दहा मिनिटं बसते आणि एकच प्रश्न लिहिते: मागच्या वेळेपासून मी काय पुढे ढकललं? शनी म्हणजे उशीर ना, मग उशिराचाच हिशोब. डॉक्टरची अपॉइंटमेंट, नणंदेला करायचा फोन, असलंच निघतं. एकच गोष्ट तीनदा आली की खाली रेघ मारते. नणंदेखाली पाच रेघा झाल्या तेव्हा कळलं की मला वेळ नाही असं नव्हतं, मला राग होता.

अजून एक करून बघा. दुसऱ्याच अंकाचं वर्णन 'तुझं' म्हणून बहिणीला वाचून दाखवा. माझी म्हणाली, "अगदी मीच!" फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1948 साली 39 विद्यार्थ्यांना एकच मजकूर प्रत्येकाचं खास वर्णन म्हणून दिला, त्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. त्यामुळे वर्णनातलं जे लगेच पटतं ते मी सोडून देते. जे वाचून चिडचिड होते तेवढंच वहीत उतरवते.

तुम्ही अर्ज अजून केला नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, पीएफ यांतल्या कशालाही हात लावू नका. केला असेल तर जुन्या नावाचा एकही कागद टाकू नका, फाटका असला तरी. आणि तुमच्या अंकतज्ज्ञांनी कुठला तक्ता वापरला ते विचारून इथे लिहा. दुसऱ्याने मांडून बघू काय येतं ते.