'जन गण मन'मधला अधिनायक म्हणजे पंचम जॉर्ज का?

तुम्ही विचारलंय, "दर १५ ऑगस्टला ग्रुपवर मेसेज फिरतो की 'जन गण मन' पंचम जॉर्जच्या स्वागतासाठी लिहिलं होतं. खरं काय?"

खरं नाही. पण ही आवई उठली कशी, ते ऐकण्यासारखं आहे.

मी कोल्हापुरात शाळेत संगीत शिकवायचो. झेंडावंदन आटोपून जिलेबीच्या रांगेत उभं राहिलं (त्या दिवशी आमच्याकडे जिलेबी न घेता घरी जायची सोय नाही) की कुणीतरी हटकायचंच, "काय सर, तुम्ही पेटीवर वाजवताय ते राजाचं गाणं हाय म्हणं?"

तारखा बघा. ब्रिटनचा बादशहा पंचम जॉर्ज याचा दिल्ली दरबार १२ डिसेंबर १९११ ला झाला. त्यात बंगालची फाळणी रद्द केल्याची घोषणा झाली. त्याच महिन्यात कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन होतं. अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी, २७ डिसेंबरला, सुरुवातीला रवींद्रनाथांचं हे गीत गायलं गेलं. मग बादशहाच्या स्वागताचा ठराव झाला आणि त्याच्या गौरवाचं एक वेगळंच हिंदी गाणं झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी दोन्हींची खिचडी केली आणि छापून टाकलं की टागोरांनी बादशहासाठी गीत रचलं. ती खिचडी आपण अजून गरम करून खातोय.

रवींद्रनाथांनी स्वतः १९३७ मध्ये एका पत्रात खुलासा केलाय. सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्राने त्यांना बादशहाच्या गौरवाचं गाणं मागितलं होतं. त्या मागणीचा संताप आला आणि त्यातून युगायुगांचा रथ हाकणाऱ्या भाग्यविधात्याचं गीत लिहिलं गेलं. पत्रावर विश्वास नसेल तर गीतच वाचा. मूळ गीत पाच कडव्यांचं, आपण म्हणतो ते फक्त पहिलं. तिसऱ्यात 'चिरसारथि' आहे, चौथ्यात 'स्नेहमयी तुमि माता'. आता पंचम जॉर्जला माता कोण म्हणेल?

राष्ट्रगीत म्हणून निवड झाली ती गोष्ट मला जास्त भिडते, कारण त्यात आपला एक माणूस आहे. गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. 'प्रभात' ही चित्रपट कंपनी १९२९ ला इथे कोल्हापुरात निघाली, १९३३ ला पुण्याला गेली. तिथल्या 'माणूस', 'शेजारी' या चित्रपटांचं संगीत मास्तरांचं. 'वंदे मातरम्'च राष्ट्रगीत व्हावं असा त्यांचा ध्यास होता. आक्षेप काय, तर ते बँडवर बसत नाही. मास्तरांनी झिंझोटी रागात चाल बांधली, मुंबईला पोलीस बँडकडून वाजवून घेतली आणि दिल्लीला जाऊन संविधान सभेच्या सदस्यांना ऐकवली. एका गायकाने एवढी धावपळ केली, पण पारडं आधीच झुकलं होतं. 'जन गण मन'ची वाद्यवृंदावरची ध्वनिमुद्रिका १९४७ मध्येच न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत वाजली होती आणि नेहरूंना ती चाल पसंत होती. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी संविधान सभेत निवेदन केलं: 'जन गण मन' राष्ट्रगीत, 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान. मतदान वगैरे काही नाही. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मास्तरांची बाजू मला पटते, तरी पेटीवाला म्हणून कबूल करतो, बँडला 'जन गण मन' सोपं आहे. चाल सगळी बिलावल रागासारखी, शुद्ध स्वरांची. फक्त 'पंजाब सिंधु गुजरात मराठा' या ओळीत 'मराठा'वर तीव्र मध्यम, म्हणजे चढा 'म', येतो. काळी पट्टी लागते ती नेमकी आपल्याच नावाला! आणि नेमकं तिथेच पोरं छाती फुगवून बेसूर ओरडतात. दरवर्षी तालमीत मी तेवढा एक शब्द वीस-वीस वेळा घोटून घ्यायचो, मनगटावरचं घड्याळ काढून पेटीवर ठेवायचो. पूर्ण गीताला साधारण ५२ सेकंद हवेत. आमचं पहिल्या दिवशी सव्वा मिनिटावर जायचं, कारण 'जय हे'ला कुणाला थांबायचंच नसायचं.

पुढच्या वेळी तो मेसेज आला तर वाद घालत बसू नका, तिसरं आणि चौथं कडवं तेवढं चिकटवा.